शेवटचा निखारा

काडेपेटी जन्मली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथली रीत अशी, की दिवस मावळला की ज्यानं त्यानं आपल्या चुलीतला एक निखारा राखेखाली पुरायचा. सकाळी राख सारली, फुंकर घातली, की चूल पेटली.

त्या वाडीत एक विधवा बाई होती. मनानं मोठी, हातानं सैल. कुणी निखारा पुरायला विसरलं, तर ही खापरात घालून द्यायची. मग काय, विसरणारे वाढले. पुढं पुढं वाडीत कुणी निखारा पुरेचना!

"वहिनी, घरात सूर्य बांधून ठेवलाय का हो?" लोक हसत यायचे नि विस्तव घेऊन जायचे.

ही दिवसभर फुंकत बसायची. डोळे लाल, पोटात भाकरी नाही, पाठीला जमीन नाही. म्हातारी सासू म्हणायची, "अगं, दोन घास खा. आधी आपला निखारा पूर, मग गावाला वाट."

"नाही कसं म्हणू, आत्याबाई? लोक नावं ठेवतील."

लोकांशी गोड बोलायची, आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीनं पाणी मागितलं, तर तिच्यावर खेकसायची. थकलेलं माणूस घरच्यांवरच गुरगुरतं.

थंडीचे दिवस. एका संध्याकाळी शेजारचा दारात आला. "वहिनी, चिलमीपुरता द्या की."

तिनं पेंगत पेंगत चिमट्यानं निखारा उचलून दिला. चुलीत दुसरा उरलाय का, ते पाहिलंच नाही. तिथंच भिंतीला टेकून झोपली.

पहाटे लेक मोकळी झाली. नातू झाला. एवढासा जीव, थंडीनं निळा पडायला लागला.

"शेगडी पेटव, लवकर!" सासू ओरडली.

हिनं राख उपसली. खालपर्यंत गार.

खापर घेऊन ती दारोदार धावली. पहिल्या घरी म्हणाले, "आम्ही कशाला ठेवू? तुम्ही आहात ना." दुसऱ्या घरी तेच. चिलीमवाला म्हणाला, "ओढून झाली नि झटकली अंगणात."

ती अनवाणी खिंडीपलीकडच्या गावाला पळाली. विस्तव घेऊन परतली तेव्हा ऊन वर आलं होतं. सासूनं बाळाला पदराखाली उराशी धरलं होतं, पण म्हातारीच्या अंगात ऊब ती किती असणार? त्या विस्तवावर पाणी तापलं ते बाळंतिणीपुरतंच. बाळाला आता पाणी नको होतं.

दुपारी दारात खापरं घेऊन माणसं उभी. "वहिनी, विस्तव आणलात म्हणे? जरा द्या ना."

तिनं सगळ्यांदेखत आधी निखारा राखेत पुरला. बाळंतिणीला पेज दिली, स्वतः चार घास गिळले. मग उठून एकेकाला दिला, आणि म्हणाली, "हा शेवटचा. उद्यापासून ज्याचा त्यानं जपा."

"बाई बदलली," म्हणत लोक गेले.

लेक भिंतीकडं तोंड करून पडली होती. सव्वा महिन्यानं सासरी गेली, ती पुन्हा माहेरी आली नाही.

म्हणून सांगते, लहानथोरांनो: जो स्वतःला रोज जपत नाही, त्याची दया खऱ्या गरजेच्या वेळी रिकाम्या हातानं उभी राहते.