छप्पन्न ओव्यांची घटका

पूर्वी वेणुवती नगरात सुदर्प राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका ज्योतिष्याच्या घरी जन्मले आणि वयात येताच राजाचे गणक झाले. ग्रहण कधी लागणार हे ते आकडे मांडून वर्षभर आधी सांगत. आता विद्वान म्हटला की वाद आलाच. अमात्य दंडघोष म्हणे, डोळ्यांना दिसते तेवढेच खरे, संख्या हा नुसता मनाचा खेळ. बोधिसत्त्व म्हणत, जग नसते तरी दोन आणि दोन चारच झाले असते. डोळे चुकतात, संख्या चुकत नाही. भर सभेत बोधिसत्त्व जिंकले. त्या नगराची रीत अशी की, हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या पाया पडून त्याचे शिष्य व्हायचे. दंडघोष पाया पडला खरा, पण ते त्याच्या फार जिव्हारी लागले. राजा मात्र इतका खूश झाला की त्या विजयाप्रीत्यर्थ त्याने जुने घटिकापात्र बाजूला ठेवून नवे कोरे घडवून घेतले.

हे पात्र सांभाळायची सोमिला. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मग टोल द्यायचा आणि वाटी उचलून पुन्हा ठेवायची. वीस वर्षे तिने दुसरे काही केले नव्हते.

पुढच्या वर्षी बोधिसत्त्वांनी सांगितले की अवसेला सूर्योदयापासून पंधरावी घटका भरताच सूर्यग्रहण लागेल. त्या दिवशी चौदावा टोल पडला. अजून एक घटका आहे म्हणून राजा निवांत पानावर बसला, आणि पहिला घास तोंडात असतानाच अंगणातले ऊन फिकट झाले. ग्रहणात राजा जेवला, ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

दंडघोष तर टपूनच बसला होता. तो म्हणाला, "महाराज, संख्या चुकत नाही, हे आपल्या गणकांचेच म्हणणे. मग एक घटका गेली कुठे? बाईला डुलकी लागली, वाटी बुडून तशीच पडून राहिली." पहाऱ्यावर झोपणाऱ्याचा उजवा हात तोडावा असा कायदा होता. गणकांची साक्ष तिसऱ्या दिवशी ठरली.

 सोमिलेचा नवरा आंधळा, त्याला दोन वेळ घास भरवणारा तोच हात. पहिल्या दिवशी ती ठामपणे म्हणाली, "माझा डोळा लागला नव्हता." दुसऱ्या दिवशी तिचा आवाज खाली आला. एवढा मोठा गणक चुकेल कसा? म्हणजे आपणच झोपलो असणार. झोपलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे कुठे कळते? प्रत्येक वाटी तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिली आणि दरवेळी एखादी निसटल्यासारखी वाटली.

"आज घास का गं सांडतोय?" नवऱ्याने विचारले.

"काही नाही, हात गारठलाय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सभेत ती मान खाली घालून उभी राहिली. "झोपले असेन, महाराज," ती पुटपुटली. दंडघोषाने बोधिसत्त्वांकडे पाहिले. संख्या चुकली म्हणावे तर गेल्या वर्षीचा वाद हरला, न म्हणावे तर बाईचा हात गेला. बोधिसत्त्व सोमिलेकडे वळले.

त्यांनी विचारले, "बाई, एवढा वेळ बसायचं म्हणजे झोप येणारच. तू जागी कशी राहतेस?"

"दळणाची एक ओवी म्हणत बसते."

"एका घटकेत किती वेळा होते?"

"आता साठ वेळा. जुन्या वाटीत छप्पन्नच व्हायची. नवी वाटी जरा सुस्त आहे."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही, आचार्य."

बोधिसत्त्वांनी दोन घंगाळे मागवली आणि दोन्ही वाट्या एकदम पाण्यावर सोडल्या. सोमिलेला ओवी म्हणायला सांगितले. ती पुन्हा पुन्हा तीच ओवी म्हणू लागली. छप्पन्नाव्या ओवीला जुनी वाटी बुडाली. साठाव्या ओवीला नवी.

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "वीस वर्षे चिंचेने घासघासून जुन्या वाटीचं भोक मोठं झालं होतं. माझी सगळी मापं त्याच वाटीची. तिच्या पंधरा घटका म्हणजे नवीच्या चौदा. ग्रहण वेळेवर लागलं, बाई जागी होती, आणि चुकलो मी. दोन आणि दोन चार हे आजही खरंच आहे. पण घटका केवढी, हे कुठलीच संख्या सांगत नाही. ते एका भोकानं ठरवलं होतं, आणि मी त्याला त्रिकालाबाधित सत्य समजत होतो."

दंडघोष हसला. "म्हणजे हरलात तर."

"हरलो. पण तुमच्याशी नाही. डोळ्यांची बाजू घेणाऱ्या तुम्हीही या वाटीकडे कधी पाहिलं नाहीत."

असे म्हणून ते आसनावरून उतरले आणि नगराच्या रीतीप्रमाणे सोमिलेच्या पाया पडले. तिने घाबरून पाय मागे घेतले. मग दोन्ही हात तोंडावर दाबून ती रडू लागली. राजाने तिला सोडून दिले.

संख्या वस्तूत असते की मनात, यावर दोन भिक्षू विहारात हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा त्यांच्या गुरूने, म्हणजे शास्त्याने, ही कथा सांगितली. तो म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा दंडघोष म्हणजे तुमच्यातला जो जास्त मोठ्याने बोलतो आहे तो. सोमिला म्हणजे तुमचा आरडाओरडा ऐकत दाराशी बसलेली ती वृद्ध भिक्षुणी, जिला अजून कुणी काही विचारलेले नाही. आणि जिंकलेला वाद सोडून देणारा गणक मी होतो. यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."