चिमाचा कान

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता, नुसती निसरडी दगडी वाट होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर कासेवाडी नावाचं गाव होतं. गावात कुंभारांची दहा घरं आणि ओताऱ्यांची चार. ओतारी म्हणजे पितळ वितळवून समया नि घंटा ओतणारे. त्यातल्या भिवबा ओताऱ्याची लेक चिमा. नवरा लवकर गेला, म्हणून ती माहेरी आली आणि बापाजवळच राहिली.

चिमा भारी दचकायची. चुलीत लाकूड तडकलं तरी दचकायची, पाल चुकचुकली तरी दचकायची. मडक्यावर मडकं टेकल्याचा बारीकसा टक् आवाज झाला, की तिच्या काळजात लक्कन व्हायचं. पण म्हणूनच तिच्या हातचा हारा कधी फुटला नाही. हारा म्हणजे मडकी न्यायची मोठी बांबूची टोपली. कुंभारणी हारा भरून तिच्याकडे आणायच्या. ती तो हलवायची, कान लावायची आणि म्हणायची, "बोलतंय अजून." मग सगळं उपसून पुन्हा भरायची. जड तळाशी, हलकं वर, मध्ये पेंढा. हारा पुरता मुका झाला, की मगच सुंभाची गाठ. तिने भरलेलं मडकं तीन बाजार फिरून आलं तरी त्यावरची राखसुद्धा झडत नसे, असं म्हणतात.

घाटाखाली, खाडीच्या काठी, देवीचं मोठं देऊळ होतं. तिथल्या देवीसाठी भिवबाने घंटा ओतायला घेतली. चार माणसांनाही न उचलवणारी घंटा. पण तिकडची रीत अशी, की नव्या घंटेचा पहिला नाद देवीचा. वाटेत ती एकदा जरी वाजली, तरी उष्टी झाली. मग ती देवीला चालत नाही, वितळवून पुन्हा ओतावी लागते.

पहिली घंटा भिवबाने फडक्यांत घट्ट गुंडाळली. लोळी, म्हणजे आतला टोल देणारा लोलक, काढून ठेवली. पण पहिल्याच वळणावर घंटा कातळाला लागली आणि सारा घाट घुमला. दुसऱ्या वेळी खाली-वर पेंढा भरला. अर्ध्या वाटेत पेंढा दबला, आत पोकळी झाली आणि घंटा वाहकांच्या दांडीवर आपटून वाजली. भिवबा दोन्ही वेळा घंटेपाठोपाठ उतरल्या तोंडाने घरी आला. त्याची नजर अधू होत चालली होती. तिसरी घंटा ओतली तेव्हा तो लेकीला म्हणाला, "चिमे, आता मला पितळेच्या रसाचा रंग दिसत नाही गं. ही उष्टी झाली, तर माझ्या हातचं देवीला पोचलंच नाही म्हणायचं."

"मी भरते, बाबा," चिमा म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकली.

वाहकांचा म्होरक्या धाकलू पोट धरून हसला. "अगं, मांजर शिंकलं तर तू हातभर उडतेस! तू घंटा बांधणार?"

"म्हणूनच बांधते, मामा. तुमच्या कानाशी डोंगर कोसळला तरी तुम्ही घोरत असता."

कुंभारांनी तिच्यासाठी माणूस बसेल एवढा हारा विणला. चिमाने तळाशी पेंढ्याची जाड चुंबळ ठेवली, तिच्यावर घंटा तोंड वर करून बसवली. घंटेच्या पोटात भाताचं तूस ठासलं. भोवतीनं पेंढा कोंबला, हारा उन्हात ठेवून चारी बाजूंनी बडवला. पेंढा दबला, तिने पुन्हा भरला. पुन्हा बडवला, पुन्हा भरला. सात दिवस ती हेच करत होती, असं म्हणतात. कुणी म्हणतं एकवीस.

आठ जणांनी हारा दांडीला लावला. भिवबा लोळी कमरेला बांधून मागे, आणि चिमा हाऱ्याला कान लावून चालत होती. तिसऱ्या वळणावर ती ओरडली, "थांबा! बोलतंय!"

"काय बोलतंय? मला तर माझा श्वाससुद्धा ऐकू येईना," धाकलू कुरकुरला. पण हारा उतरवला. चिमाने कोपरापर्यंत हात घातला आणि तुसातून हरभऱ्याएवढा खडा काढला. तो पितळेला घासत होता! धाकलूने खडा निरखून पाहिला आणि दांडी पुन्हा खांद्यावर घेतली.

पण पुढच्याच उतारावर त्याचा पाय घसरला. दांडी मोडली. हारा कड्यावरून गडगडत दरीत गेला. माणसांनी डोळे मिटले, कान झाकले. भिवबा मटकन खाली बसला. एकटी चिमा कान उघडे ठेवून उभी राहिली. हारा कातळावर आदळला, उडाला, पुन्हा आदळला, आणि खाली ओढ्यापाशी जाऊन थांबला. आवाज म्हणाल, तर गवताची पेंढी टाकावी एवढाच. वाटेवरच्या फांदीवर होला बसला होता, तोही उडाला नाही, असं म्हणतात.

"बाबा, उठा," चिमा म्हणाली. "नाही बोलली."

नवी दांडी तोडून हारा ओढ्यातून काढला आणि घंटा देवळात पोचली. भिवबाने चाचपडत लोळी अडकवली आणि दोर लेकीच्या हातात दिला. चिमाने टोल दिला. तो नाद घाट चढून कासेवाडीत ऐकू आला, नि कुंभारांची चाकं फिरायची थांबली. त्या नादाला चिमा दचकली नाही, असं सगळे सांगतात. माझ्या मते दचकली असेल, पण दोर काही सोडला नसेल.

आता घाटात डांबरी रस्ता आहे. कासेवाडीतून समया जातात, गणपतीच्या मूर्ती जातात, मुंबईला निघालेल्या सुनेची काचेची भांडी जातात. खोक्यात थर्मोकोल असो की पेंढा, टेम्पो सुटण्याआधी कुणीतरी विचारतंच, "चिमाचा कान दिला का?" मग घरातली एखादी बाई पुढे होते, खोकं हलवते, कान टेकवते. आणि कितीही घाई असली, तरी तेवढ्यापुरतं ड्रायव्हर इंजिन बंद करतो.