दोन पिशव्या पाला

फार मागे रोहिणीनगरात पद्मकेतु राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या आम्रवनात माळी होऊन राबत होते. नाव खेमक.

राजाला झाडलोटीचं भारी खूळ. एकदा वनात राणीच्या बैठकीवर वाणी किडा चढला, लाल, असंख्य पायांचा. राणी किंचाळली. आता एवढ्यावरून कुणी जमीन भाजतं का? पण राजाच तो.

"माळ्या, पाला उचल आणि खालची जमीन निखाऱ्यांनी भाजून काढ. एक किडा जिवंत दिसता कामा नये."

"महाराज, किडे गेले की आंबेही जातील."

"आंब्यांना पाणी मी घालतो. किडे घालतात काय?"

"पाणी आपण घालता. जेवण कोण वाढतं ते दोन महिन्यांत दाखवतो. नाही दाखवलं, तर निखारे आधी माझ्या अंगावर ओता."

राजाला उलट ऐकायची सवय नव्हती. तरी थांबला.

खेमकानं आंब्याची सुकी पानं दोन पिशव्यांत सारखी भरली. एक दाट रेशमाची, तिच्यात मुंगीही शिरेना. दुसरी मासे धरायच्या जाळ्याची. राजानं दोन्हींवर मोहर लावली. एकाच झाडाखाली, ओल्या पाल्यात त्या पुरल्या.

दोन महिने सरले. सेवक निखाऱ्यांच्या शेगड्या घेऊन उभे राहिले. राजानं रेशमी पिशवी सोडली. पानं काळवंडली होती, पण पानंच होती. मग जाळं सोडलं. हातात भुसभुशीत काळी माती आली, आणि नुसत्या शिरांचे चार सांगाडे. मातीत गांडुळं होती. एक वाणी किडा पानाचा उरलेला तुकडा कुरतडत होता. बोट लागताच त्यानं वेटोळं केलं. आंब्याची पांढरी मुळं जाळ्यातून आत घुसून त्या मातीला बिलगली होती, आईला लेकरू बिलगावं तशी.

राजानं मुकुट काढला. गुडघे टेकून पाल्याला कान लावला. आत सुरसुर चालली होती. हजारो तोंडं जेवत होती.

"हे कधीपासून चाललंय रे?" त्यानं विचारलं.

"आपल्या पणजोबांच्या आधीपासून, महाराज. कुणाच्या हुकमाशिवाय."

राजा उठला आणि सेवकांना म्हणाला, "निखारे स्वयंपाकघरात न्या. त्यांचं काम तिथं."

एवढी मागल्या जन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आज विहारामागचा पाला जाळायला निघालेला हा भिक्खू उत्तिय. राणी म्हणजे त्याला चूड पेटवून देणारी ही उपासिका. माळी मीच होतो."

उत्तियानं चूड पाण्यात बुडवली, आणि खाली बघत, जपून पाऊल टाकत परत फिरला.

पायाखालच्या जिवांशीही राखलेली ही मैत्री, हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता.