उतारावरचा चपटा पीच

एका डोंगराळ संस्थानात नव्या फळाची परीक्षा दिवाण त्र्यंबकराव घेत. तिरक्या फळीवर फळ ठेवायचं. घरंगळलं तर ठीक, नाहीतर त्याची झाडं तोडायची.

त्या सकाळी दरबारात धुकं शिरलं होतं आणि राजेसाहेब अजून अर्धे स्वप्नातच होते. सगुणाबाईने जिवापाड जपून वाढवलेला चपटा पीच फळीवर ठेवला. तो जागचा हलला नाही. त्याचा गोड वास मात्र धुक्यात दरवळत राहिला.

"फळ आहे की थापलेली भाकरी?" दिवाण हसले. "बाई, याच्यावर बसला होतात काय? तोडा रे झाडं!"

सगुणाबाईला आपली बाग धुक्यात विरघळताना दिसली. ती हळूच म्हणाली, "महाराज, आमच्या बागा उतारावर. गोल पीच गळाला की घरंगळत खाली जातो. हा पडेल तिथेच राहतो, आमच्याच गवतात."

राजेसाहेबांनी डोळे उघडले. "मग खाली गेलेली फळं मिळतात कुणाला?"

"पायथ्याला दिवाणसाहेबांचा मळा आहे, महाराज. घरंगळणारं फळ त्यांना उगाच नाही आवडत!"

दरबार खो खो हसला. राजेसाहेबांनी पीचचा एक घास घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

"दिवाणजी," ते गोडव्यातूनच पुटपुटले, "याची कलमं डोंगरावर घरोघरी तुम्हीच पोचवा. चढ आहे, सावकाश जा."