चालून आणि चालत

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक दुभाषी होता. डोंगरापलीकडची भाषा साऱ्या राज्यात त्याला एकट्यालाच येत होती, त्यामुळे त्याला शिष्ट म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

त्याच्याकडे एक वही होती. डावीकडे पलीकडचा शब्द, उजवीकडे आपला. "एका शब्दाला एक अर्थ," तो मिशीला पीळ देत म्हणायचा, "उगाच फाटे फोडायचे नाहीत!" भाषा काय अशी वहीत मावते थोडीच! पण त्याला सांगणार कोण?

एकदा पलीकडच्या राजाचा जासूद पत्र घेऊन आला. दुभाष्याने वहीत पाहिलं आणि भर दरबारात खणखणीत आवाजात वाचलं, "पौर्णिमेला आम्ही पाच हजार माणसांनिशी तुमच्यावर चालून येत आहोत."

राजा संतापला. "दुष्काळात ज्यांना धान्य दिलं, तेच उलटले?" त्याने जासुदाला कोठडीत टाकलं आणि दोन्ही राज्यांमधल्या खिंडीच्या माथ्यावर धोंडे रचायला लावले. शत्रू खिंडीत शिरला की लोटायचे.

पौर्णिमेच्या सकाळी दुभाषी कोठडीत गेला. "खरं सांग, घोडदळ किती?"

जासूद गोंधळला. "घोडे कशाला? आमच्यात आभार मानायला जाताना घोड्यावर बसत नाहीत. आमचे महाराजसुद्धा चालत येताहेत, बायकापोरांना घेऊन." मग फोडांनी भरलेले तळपाय पुढे करून तो म्हणाला, "मीही चालतच आलो. थोडं तेल मिळेल का?"

दोन्ही वेळा त्याने पत्रातलाच शब्द वापरला होता. दुभाष्याच्या पायाखालची जमीन सरकली. जुन्या लढाईच्या पत्रांवरून त्याने त्या शब्दासमोर 'चालून येणे' लिहून ठेवलं होतं. इथे तर साधं 'चालत येणे' होतं!

गप्प बसलं तर? पाच हजार माणसांबरोबर त्याची चूकही खिंडीत गाडली गेली असती. हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो उठला आणि खिंडीच्या माथ्याकडे, राजा होता तिकडे, धावत सुटला. पागोटं वाटेत पडलं, तरी थांबला नाही.

"महाराज, थांबवा! ते चालून येत नाहीत, चालत येताहेत. चूक माझी आहे. माझं डोकं उडवा, पण धोंडा हलवू नका!"

खाली माणसं खिंडीत शिरलीच होती. सगळ्यांत पुढे म्हातारा राजा, अनवाणी, खांद्यावर नातू. माथ्यावर उभ्या असलेल्या आपल्या राजाने हात वर केला आणि धोंड्यांजवळची माणसं मागे सरली.

"हाकलून द्या याला," प्रधान म्हणाला. "असला दुभाषी चालणार नाही."

"चालेल," राजा म्हणाला. "हा चुकतो, पण तोंडावर सांगतो. शिक्षा मात्र एकच. खाली जा आणि आपण काय करणार होतो ते त्यांना त्यांच्याच भाषेत सांग."

दुभाषी खाली उतरला आणि एक अक्षरही न लपवता सगळं बोलला. म्हाताऱ्या राजाने नातवाला खांद्यावरून उतरवून छातीशी धरलं. "तू धावलास," तो म्हणाला, "म्हणून आम्ही पोचलो."

तात्पर्य: शब्द ओळखीचा वाटला तरी बोलणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा, विचारण्यात कमीपणा नाही, न विचारण्यात घात आहे.