टिंगूचा शंख सापडत नाही

खाडीत एक होडी होती. शिडाची होडी. होडीच्या पोटात एक खोली. खोलीत एक दिवा. आणि दिव्याखाली राहायचा एक इवलासा खेकडा. त्याचं नाव टिंगू.

टिंगूचं घर टिंगूच्या पाठीवर. गोल गोल शंख!

एकदा संध्याकाळी शंखात वाळू गेली. अंग खाजलं. खर खर खर! टिंगू शंखातून बाहेर आला. आता वाळू झटकणार, इतक्यात दिवा विझला. फट्!

होडी डुलली. डुबुक डुबुक. शंख निघाला. गडगड, गडगड, गडगड...

कुठे गेला? काळोखात दिसेना.

टिंगूचं मऊ मऊ पोट उघडं पडलं. वारा आला. फूऽऽ!

खोलीत हसूनाखवा होता. होडीचा मालक. या एवढ्या मिशा! तो ओरडला, "मंगले, बल्ब गेला गं!"

वरून त्याची बायको, मंगलीमावशी म्हणाली, "कालच नवा लावलाय! नीट बघा!"

नाखव्याने काही बघितलं नाही. तो काळोखातच बसला. हूं!

टिंगू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला दिव्याकडे.

"दिव्या दिव्या, लाग ना!
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

दिवा म्हणाला, "मी नाही लागत जा. बटण मला वीज देत नाही."

टिंगू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला बटणाकडे.

"बटणदादा, वीज दे ना!
दिवा लागत नाही.
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

बटण म्हणालं, "मी नाही देत जा. उगाच टक टक करून दमलो. फ्यूज मला वीज देत नाही."

टिंगू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला फ्यूजकडे.

"फ्यूजताई, वीज दे ना!
बटण वीज देत नाही.
दिवा लागत नाही.
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

फ्यूज म्हणाली, "मी नाही देत जा. मी कधीची तयार बसलेय. वायर मला वीज देत नाही."

टिंगू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला वायरीकडे.

"वायरबाई, वीज दे ना!
फ्यूज वीज देत नाही.
बटण वीज देत नाही.
दिवा लागत नाही.
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

वायर म्हणाली, "मी नाही देत जा. कशी देऊ? हे ओले ओले बोंबील मला लोंबकळलेत. त्यांच्या ओझ्याने माझं टोक बॅटरीवरून सुटलंय. बोंबील उतरत नाहीत!"

टिंगूने वर बघितलं. नाकात वास शिरला. आऽऽक्छी! वायरीवर बोंबीलच बोंबील!

"बोंबील बोंबील, उतरा ना!
वायर वीज देत नाही.
फ्यूज वीज देत नाही.
बटण वीज देत नाही.
दिवा लागत नाही.
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

बोंबील म्हणाले, "आम्ही नाही उतरत जा. नाखव्याने आम्हाला इथे वाळत घातलंय. नाखवा आम्हाला काढत नाही."

टिंगू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला नाखव्याकडे.

"नाखवाकाका, बोंबील काढा ना!
बोंबील उतरत नाहीत.
वायर वीज देत नाही.
फ्यूज वीज देत नाही.
बटण वीज देत नाही.
दिवा लागत नाही.
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

नाखवा म्हणाला, "मी नाही काढत जा. वर कावळे आहेत. माझे बोंबील खातील. आणि वायरीचं काय घेऊन बसलास? बल्ब गेलाय, बल्ब!"

टिंगू शिडी चढला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला मंगलीमावशीकडे.

"मावशी, नाखव्याला सांग ना!
नाखवा बोंबील काढत नाही.
बोंबील उतरत नाहीत.
वायर वीज देत नाही.
फ्यूज वीज देत नाही.
बटण वीज देत नाही.
दिवा लागत नाही.
माझा शंख सापडत नाही.
आणि पोटाला वारा लागतो, फूऽऽ!"

मावशी म्हणाली, "मी सांगून ऐकतात होय ते? बाळा, तुझ्या नांग्या काय नुसत्या शोभेच्या आहेत?"

टिंगूने नांगी उघडली. नांगी मिटली. कट कट. हो की!

टिंगू शिडी उतरला. तुरुतुरु, तुरुतुरु. हा नाखव्याचा पाय. हा नाखव्याचा अंगठा.

चिमटा!

"आई आई आई गंऽऽ!" नाखवा उडाला. डोकं बोंबलांवर आपटलं. टप टप टप! बोंबील खाली. एक मिशीला अडकला.

नाखव्याच्या हाताला वायर लागली. "अरेच्चा! टोक सुटलंय की! मंगले, बल्ब नाही गेला गं!"

"मी काय म्हणत होते?" मावशी म्हणाली.

नाखव्याने टोक बॅटरीला लावलं. कर्र कर्र पिळलं. आणि मग?

वायरीने वीज दिली फ्यूजला.
फ्यूजने वीज दिली बटणाला.
बटणाने वीज दिली दिव्याला.
दिवा लागला. लख्ख!

आणि शंख? शंख होता खाली पडलेल्या नाखव्याच्या टोपीत!

टिंगू वळला. मागे मागे सरकला. सुळकन आत! आता ये रे वाऱ्या!

नाखव्याने बोंबील गोळा केले. "पण यांना टांगू कुठे? वर कावळे..."

"अवो, रात्री कावळे झोपतात!" मावशी म्हणाली.

"झोपतात?" नाखव्याने मिशीतला बोंबील काढला. टिंगूला दिला. "घे रे बाबा. पण पुन्हा अंगठा धरू नकोस."

टिंगूचा दिवा लागला. आता आपला मालवायचा. चला, पांघरुणात सुळकन!

टक.