सुपात उभी कोंबडी

आमच्या आळीतल्या विहिरीला अजून पाणी होतं, तेव्हाची गोष्ट. एक कोंबडी ज्वारीने भरलेल्या सुपात उभी राहून पायाने उकरत होती. दाणे उडून गटारात पडत होते आणि ओट्याखाली तिची पिल्लं भुकेने ओरडत होती.

सांडलेले दाणे टिपणाऱ्या साळुंकीला विचारल्याशिवाय राहवेना. "काय शोधतेस गं?"

"दाणे."

"अगं बाई, दाण्यांवरच तर उभी आहेस."

कोंबडीने खाली पाहिलं. कसाबसा पाय आवरून तिने चोचीने दाणे पिल्लांपुढे टाकले. पिल्लं गप्प झाली.

मग तिने विचारलं, "साळुंकीताई, तू दर दाण्याला मागे का बघतेस?"

"मांजर येतं ना."

"ते तर मागच्या उन्हाळ्यातच गेलं."

"ठाऊक आहे मला," साळुंकी म्हणाली, आणि मागे बघून तिने पुढचा दाणा टिपला.